सहा आठवडे भाकरी बंद

मराठीत ‘छाती’ हा शब्द भलताच ऐसपैस आहे. त्यात हृदय मावतं, फुप्फुसं मावतात, साचलेला कफ मावतो, हिंमत मावते आणि वेळप्रसंगी अभिमानानं फुगायची सोयही होते. पण एखादी बाई आपल्या छातीबद्दल बोलायला लागली की ऐकणारा या सगळ्या खोल्या धुंडाळतो, आणि जी खोली समोरच आहे तिचं दार तेवढं त्याला दिसत नाही.

हे भाषाज्ञान मला अडतीस वर्षांच्या मास्तरकीत झालं नाही, भाचीमुळे झालं.

भाची हिंजवडीत नोकरीला. वय एकतीस, पगार स्वतःचा, घरभाडं स्वतःचं, जिमचं वेडही स्वतःचंच. एका रात्री तिचा फोन आला. “मावशी, मी ब्रेस्ट ऑग्मेंटेशन करून घेतलंय.” मी पडले मराठीची शिक्षिका. म्हटलं, “ऑग्मेंटेशन म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “वाढ.” मला आधी वाटलं, पगारवाढ. अभिनंदन करून बसले. मग तिनं नीट सांगितलं, तेव्हा माझ्या मनात ओळीनं तीन प्रश्न उभे राहिले. कशाला? कितीला पडलं? आणि आईला सांगितलंस का? पहिल्याचं उत्तर आलं, “मला हवं होतं म्हणून.” दुसऱ्याचं आलं नाही. तिसऱ्याचं आलं, “अजून नाही, म्हणून तर तुझ्याकडे येतेय. आठवडाभराची सुट्टी, मग पाच आठवडे घरूनच काम.”

टाके दाखवून झाले आणि आठव्या दिवशी ती गाडी करून जामखेडला आली. सीटचा पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एक छोटी उशी. नगर सोडल्यापासून ती गतिरोधक मोजत होती. जामखेडच्या वेशीत शिरली तेव्हा आकडा विसरली होती, पण प्रत्येकाची चव लक्षात होती.

गाडीतून ती उतरली ती दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून, ताक सांडू नये म्हणून जपून चालावं तशी. शेजारच्या काकू गेटातच उभ्या. “पोरीला काय झालं गं?”

मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. खरंच बोलले. “छातीचं ऑपरेशन झालंय.”

बस. तेवढं पुरलं.

६ मे २०२५ ला राज्याचं अख्खं मंत्रिमंडळ आमच्या तालुक्यात, अहिल्यादेवींच्या चौंडीला, बैठकीसाठी येऊन गेलं. त्याचं केवढं कौतुक झालं. आमच्या गल्लीचं मंत्रिमंडळ रोज संध्याकाळी पाचला ओट्यावर बसतं, भत्ता घेत नाही आणि निर्णय त्याच दिवशी अमलात आणतं. त्या दिवशीचा निर्णय होता, बायपास. दिवेलागणीपर्यंत तो खर्डा चौकापर्यंत पोचला. “एवढ्या लहान वयात!” हे शेपूट त्याला वाटेत चिकटलं.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. कुणी अर्जुनसाल आणली, कुणी सोललेला लसूण. एका आजोबांनी घरातलं मीठ उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवलं, “दिसलंच नाही तर खाणार कशी?” म्हणून. पुढे सहा आठवडे ते काढायला मलाच स्टुलावर चढावं लागलं. खरी मजा त्यांच्या आणि भाचीच्या संभाषणात होती. पोरगी एक शब्द खोटं बोलली नाही, याची साक्ष मी कुठल्याही कोर्टात द्यायला तयार आहे.

“आत काही टाकलंय का?”

“हो आजोबा, टाकलंय.”

“एक का दोन?”

“दोन.”

“अरारा! म्हणजे दोन्ही बाजूंना?”

“दोन्ही बाजूंना.”

“कुठला माल? आपल्याकडचा का बाहेरचा?”

“बाहेरचा.”

“मग टिकंल.”

“जन्मभराची हमी नसते म्हणाले. दहा-पंधरा वर्षांनी बदलायला लागू शकतात.”

आजोबा हळहळले. त्यांच्या स्वतःच्या हृदयात एक स्टेंट आहे. दोन बसवलेल्या पोरीपुढे त्यांना आपला आजार फारच किरकोळ वाटायला लागला.

इतिहासात निजामाचं सैन्य मराठ्यांपुढून हटलं आणि खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडलं गेलं, १७९५ च्या मार्चमध्ये. त्याचीही परिस्थिती बहुधा अशीच असेल. बाहेर पडायची सोय नाही आणि आत पाहुण्यांचा मारा. भाची मात्र कोंडून घ्यायला तयार नव्हती. तिच्या डॉक्टरांनी तिला एक कागद दिला होता, व्यायामाकडे परत कसं वळायचं याचा. तो तिनं फ्रिजवर चुंबकानं लावला.

आता हा कागद नीट वाचण्यासारखा आहे. वर लिहिलं होतं, पहिल्या दिवसापासून चाला. घरात चाला, अंगणात चाला, पण नाडी धडधडेल असं काही नको. रक्तदाब चढला तर आत ताज्या जखमेतून रक्त येऊन साचू शकतं. भरणी, म्हणजे इम्प्लांट, छातीच्या स्नायूच्या खाली बसवली आहे, शरीर हळूहळू तिच्याभोवती स्वतःचं अस्तर विणतं. तोवर त्या स्नायूला छेडायचं नाही. आधाराचे कपडे दिवसरात्र, झोपायचं पाठीवर, उशी उंच. इथवर ठीक. त्याखाली चौकटीत ‘हे करू नका’ होतं.

दोन किलोच्या वर काही उचलू नका. ढकलू नका. ओढू नका. कोपरं खांद्याच्या वर नेऊ नका. दोन्ही तळव्यांवर भार देऊन पुढे झुकू नका. पुश-अप, बेंच प्रेस, पुल-अप तीन महिने नाहीत, आणि नंतरही विचारल्याशिवाय नाहीत.

मी चष्मा लावून तो दोनदा वाचला. पुश-अप, बेंच प्रेस आणि पुल-अप सोडले तर हा माझा सकाळी सहा ते रात्री दहाचा दिनक्रम होता.

दोन किलोच्या वर उचलू नका. भरलेली पंधरा लिटरची कळशी पंधरा किलोची, वर तिचं स्वतःचं वजन वेगळं. गॅसच्या टाकीत नुसता गॅस १४.२ किलो. ती दारातून ओट्याखाली मी पायानं रेटत नेते, म्हणजे ‘ढकलू नका’ही त्यातच आलं. कोपरं खांद्याच्या वर नेऊ नका. मग दोरीवर कपडे कोण वाळत घालणार? मीठ कोण काढणार? ओढू नका. आमच्याकडे भुतवड्याच्या तलावाचं पाणी नळाला ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरलेली पिंपं ओढणं हा राष्ट्रीय कार्यक्रम असतो. आणि तळव्यांवर भार देऊन पुढे झुकू नका, हे वाचून तर मी परातीकडे बघितलं आणि परातीनं माझ्याकडे.

कारण भाकरी म्हणजे दुसरं काय असतं?

भाचीलाही हे पटायला वेळ लागला. जिममध्ये जाणाऱ्यांचा एक समज असतो की व्यायाम करायला वेगळे बूट लागतात. मी अनवाणी असल्यामुळे तिच्या हिशेबात माझा व्यायाम शून्य. “मावशी, तू काहीतरी करत जा गं,” असं ती मला गेली सहा वर्षं सांगत होती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि मी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. आमच्याकडची ज्वारी चिवट असते आणि तिचं पीठ हट्टी. गव्हासारखं चिकटून राहत नाही. गरम पाणी घालून तळव्याच्या टाचेनं ते पुढे रगडायचं, मागे ओढायचं, पुन्हा रगडायचं. दहा-बारा वेळा केलं की मग कुठे ते ऐकायला लागतं. मग उंडा, परातीत कोरडं पीठ आणि थाप. डाव्या हातानं फिरवायचं, उजव्यानं थापायचं, कड फुटली की बोटांनी मिटवायची, आणि सगळा भार खांद्यातून खाली.

“थांब,” भाची म्हणाली. “असंच रगडत राहा आणि दुसरा हात इथे ठेव.” तिनं माझा पिठाचा डावा हात धरून माझ्याच गळपट्टीच्या हाडाखाली ठेवला. मी उजव्यानं रगडलं. हाताखाली एक जाडजूड पट्टा टणक झाला. सोडलं, तर सैल झाला. “हा बघ, हाच तो स्नायू. याच्यासाठी लोक महिन्याला पैसे भरतात.”

साठीत मला माझाच एक अवयव नव्यानं भेटला. पोलक्यावर पिठाचा पंजा उमटला, तो वेगळा.

मग तिनं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. ते पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोपही मोजतं म्हणे. मला आठ भाकऱ्या थापायच्या होत्या. पाचव्या भाकरीला घड्याळ मनगटावर थरथरलं. मी दचकले, वाटलं चटका बसला. त्याच्या काचेवर अक्षरं उमटली होती. भाचीनं वाचून दाखवलं, “तुम्ही व्यायाम करत आहात असं दिसतंय. नोंद ठेवू का?”

माझ्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. आजवर परातीपाशी मला “नोंद ठेवू का” असं कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते एका घड्याळानं, आणि तेही अजून चार हप्ते बाकी असलेल्या.

इकडे बाहेर बायपासची बातमी आपलं काम करत होती. सकाळी चालायला जाणाऱ्या काकांचा एक कंपू आहे. सगळे हृदयवाले. कुणाला स्टेंट, कुणाची बायपास, एकाला नुसतीच भीती. त्यांनी भाचीला आपल्यात ओढलं. ‘ज्युनिअर मेंबर’ म्हणून. पहाटे साडेपाचला ते गेटाशी हजर. भुतवड्याच्या वाटेनं ताशी दोन किलोमीटरच्या वेगानं मिरवणूक निघायची. मध्ये पोरगी, दोन्ही बाजूंना चार-चार काका. “वजन उचलायचं नाही बेटा.” “हात वर न्यायचे नाहीत.” “कुशीवर झोपायचं नाही.” “खोकताना उशी छातीशी धर.”

मला वाटलं, आता चुकीच्या आजाराचा उपचार होऊन पोरीचं काहीतरी होणार. ती म्हणाली, “अगं, सगळं बरोबर सांगतात!” बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून पुन्हा जोडतात, ते सांधेपर्यंत सहा-आठ आठवडे त्यांनाही हेच पथ्य असतं. हौस आणि हृदय, दोन्ही वाटा एकाच फ्रिजवर येऊन थांबल्या होत्या. फरक एवढाच, की काकांच्या कागदाला घरानं मान दिला होता. तिघांच्या बायकांनी मला नंतर सांगितलं, ऑपरेशननंतर आमच्या ह्यांनी सहा महिने पाण्याचा तांब्या उचलला नाही. त्याआधी कुठे उचलत होते, ते मी विचारलं नाही.

रात्री भाची मला या वाढीचा इतिहास सांगायची. सिलिकॉनची पहिली भरणी १९६२ मध्ये अमेरिकेत टेक्सासातल्या ह्यूस्टनला बसवली, क्रोनिन आणि जेरो या दोन डॉक्टरांनी. टिमी जीन लिंडसी नावाची बाई. तिच्याही आधी एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर प्रयोग झाला होता. बाई दवाखान्यात गेली होती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. डॉक्टर म्हणाले, हे नवीन निघालंय, करून घेतेस का? ती म्हणाली, त्यापेक्षा माझे कान बाहेर आलेत, ते आत बसवा. शेवटी कानही करून देऊ या बोलीवर सौदा ठरला. मी म्हटलं, साखर मागायला गेलं की सोबत दुसरंच काहीतरी गळ्यात मारणारे दुकानदार मी पाहिलेत, पण हे फारच झालं. आणि आमच्याकडच्या आज्यांनी अख्खा हात गोंदून घेतला, तो काढायला कुणी गेलं नाही, म्हणून त्या वाचल्या.

तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एक आजी आल्या, बाजाराला आल्या होत्या तशाच, पिशवी घेऊन. आणि बायपास संपली.

या आजी शेजारच्या गावच्या. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका, कित्येक दलित घरांतल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबाचं मीठ-साखर-पाणी, सगळं त्या शिकल्या आणि गावाला शिकवत राहिल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर या बायकांचं काम बघायला आमच्या धुळीच्या गावात यायला लागले. आमच्या या आजी त्यांतल्याच. शरीराच्या कुठल्याही भागाचं नाव घेताना त्यांचा आवाज खाली जात नाही. आमच्या शाळेत विज्ञानाचा एक धडा तीस वर्षं ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला जायचा. आजी तोच धडा पारावर बसून घेतात.

त्यांनी भाचीकडे एकदा पाहिलं. “बायपास म्हणं?”

“हो, आजी,” मी म्हणाले.

“पाय दाव.”

भाचीनं पाय पुढे केला. आजींनी घोट्यापासून पोटरीपर्यंत नजर फिरवली. “बायपासला पायाची शीर काढून घेत्यात. टाका कुठंय?”

खोलीत शांतता. मग भाचीनं सरळ सांगून टाकलं. मी पंख्याकडे बघत बसले. आजी चपापल्या नाहीत, हसल्या नाहीत, “कशाला” असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी ओळीनं विचारलं. ताप येतो का? एकच बाजू जास्त सुजली का? लाल, गरम लागती का? टाक्यातून पाणी येतं का? यातलं काही झालं तर घरची औषधं करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. भाचीनं कागद उलटून बघितला. मागच्या बाजूला हेच चार प्रश्न छापलेले होते, इंग्रजीत.

जाताना आजी दारात थांबल्या. “हौसंनं केलंस ना? मंग हौसंनं जप. गाठबिठ आली का म्हणून दर महिन्याला हातानं बघत जा. आणि मास्तरीण, तुम्ही बी बगत जा. तुम्हाला काय सूट न्हाई.”

मला या वयात गृहपाठ मिळाला.

बाकीचे आठवडे कागदाप्रमाणे गेले. तिसऱ्या आठवड्यापासून काकांचा कंपू मागे पडायला लागला. ती भरभर चालू लागली, आणि काकांमध्ये “आपली ज्युनिअर मेंबर सुधारतेय” म्हणून पेढे वाटले गेले. चौथ्यात पायांचे व्यायाम, हात रिकामे ठेवून उठाबशा. आमच्या शाळेत ही शिक्षा होती. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पुण्याला तपासणी झाली, परवानगी मिळाली आणि घट्ट आधाराचे कपडे घालून ती भुतवड्याच्या वाटेनं हळूहळू पळाली. मागून आठ काकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मते बायपासनंतर बेचाळीस दिवसांत पळणारी ती तालुक्यातली पहिलीच. मी त्यांना खरं सांगितलं नाही. चार म्हातारी माणसं त्या दिवसापासून दोन फेऱ्या जास्त मारतात.

आणि घरात? फ्रिजवरच्या कागदाचं एक झालं. मागच्या वर्षी माझा उजवा खांदा धरला होता. हाडांच्या डॉक्टरांनी “जपा” म्हणून सांगितलं होतं, ते मी घरी येऊन सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी “जप हं” म्हणून ताट पुढे केलं होतं. भाचीनं पेन घेतलं, कागदावरच्या तिच्या नावाखाली माझंही नाव लिहिलं आणि ह्यांना हाक मारली. “काका, हे छापील आहे. डॉक्टरांचा शिक्का आहे. भाकरी बंद, दोघींची.” ह्यांनी कागद वाचला. माणूस पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत होता, शिक्क्यापुढे त्यांचं चालत नाही. बाह्या सरसावून परातीशी बसले. तिसऱ्या भाकरीला त्यांच्या कपाळावर घाम आला आणि म्हणाले, “हे रोज करतेस?”

घड्याळानंतर हा दुसरा.

गल्लीतल्या काकूंनी तो कागद पाहिला आणि फोटोकॉपी मागितली. वरचं ऑपरेशनचं नाव दुमडून मी दुकानातून वीस प्रती काढून आणल्या, फक्त ‘हे करू नका’ची चौकट. वीसच्या वीस दोन दिवसांत संपल्या. ज्यांनी नेल्या त्यांच्यात एकीचंही ऑपरेशन झालेलं नव्हतं.

तेव्हा वाचकहो, छातीचं, पोटाचं, कशाचंही ऑपरेशन झालं असेल तर व्यायाम कधी सुरू करायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारा, गल्लीला नको. आणि कुणालाच काही झालं नसेल तर आज रात्री परात स्वतःकडे ओढून बघा. पहिल्या भाकरीचा नकाशा होतो, होऊ द्या. दुसरी तव्याला चिकटते. आमच्याकडे ह्यांची चौथी फुगली.